आनंदीबाईंचे तीन हिवाळे

चार वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी वाचनालयाच्या व्याख्यानमालेत डॉ. आनंदीबाई जोशी यांच्यावर बोलण्याचा योग मला आला. व्याख्यान संपले, आभार झाले, चहाचे कप फिरू लागले. तेवढ्यात मागच्या रांगेतले एक वयस्क शेतकरी पुढे आले. डोक्यावरची टोपी नीट करीत म्हणाले, "सर, समदं ऐकलं बघा. पर एक इचारू का? ती बाई येवढी डाक्टरीण झाली, मग तिला सोताचं दुखणं कसं कळलं न्हाई?"

भोवतालची मंडळी हसली. मीही हसल्यासारखे केले आणि त्या काळी क्षयावर औषध नव्हते, असे काहीतरी सांगून वेळ मारून नेली. उत्तर खोटे नव्हते. पण प्रश्न औषधाचा नव्हताच. जी दुसऱ्याचे शरीर जाणून घ्यायला सातासमुद्रापलीकडे गेली, ती तिकडे तीन वर्षे स्वतःच्या शरीराशी कशी वागली, काय खाल्ले, कशी झोपली, आजारी पडली तेव्हा तिला थांब म्हणणारे कोणी होते की नव्हते, हे त्या गृहस्थांना हवे होते. परतीच्या एस.टी.त मला हे उमगले. त्यांना द्यायचे राहून गेलेले उत्तर या भाषणात देण्याचा प्रयत्न करतो.

आनंदीबाईंच्या मृत्यूची कारणे आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या सांगितली जातात. कोणी म्हणतात, तिकडची थंडी बाधली. कोणी म्हणतात, मांसाहार करायचा नाही हा हट्ट नडला. त्या काळच्या सनातनी मंडळींना तिसरेही एक कारण माहीत होते, ते म्हणजे समुद्र ओलांडल्याचे पाप. त्या तिसऱ्याचा विचार करण्यात आपण वेळ घालवायला नको. पहिली दोन मात्र तपासून पाहण्यासारखी आहेत, कारण त्यांत थोडे खरे आहे आणि पुष्कळसे सोयीचे आहे.

त्यांची हकिकत शिक्षकांना तरी नव्याने सांगायला नको. कल्याणच्या जोशी घराण्यातली यमुना, जन्म ३१ मार्च १८६५. नवव्या वर्षी लग्न होऊन ती टपाल खात्यातल्या गोपाळराव जोशी यांची आनंदी झाली. गोपाळराव बिजवर, वयाने कितीतरी मोठे, आणि बायकोला शिकवण्याचे त्यांना विलक्षण वेड. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. तो दहा दिवसांत गेला. बायकांना दुखणे सांगायला बाई डॉक्टर हवी, हा विचार त्या दुःखातून त्यांच्या मनात पक्का झाला. येथपर्यंत आपण सर्वजण सांगतो. यानंतर आपण घाईने एकदम आगबोटीवर जातो. मधली दोन-तीन वर्षे आपण गाळतो, आणि नेमकी तीच आपल्या कामाची आहेत.

गोपाळरावांची बदली बंगालमध्ये झाली. कलकत्ता, बराकपूर, श्रीरामपूर असा मुक्काम. आनंदीबाईंची प्रकृती तेथे सारखी बिघडत होती. डोके दुखे, अशक्तपणा होता, मधूनमधून ताप येई, कधीकधी दम लागे. अमेरिकेतल्या न्यू जर्सी संस्थानातील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंशी त्यांचा पत्रव्यवहार चालू होता. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. या मावशीने अमेरिकेहून औषधे पाठवली. विचार करा, रोगी हुगळीच्या काठी, औषध पाठवणारी अटलांटिकच्या पलीकडे, आणि तीही डॉक्टर नव्हे, एक प्रेमळ गृहिणी! औषधांनी गुण आला नाही. आज एखादी मुलगी अशी लक्षणे घेऊन आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेली, तर तिचे वजन करतील, रक्त तपासतील, थुंकी तपासतील. तिच्या दुखण्याची सुरुवात परदेशात झाली की येथूनच दुखणे अंगात बसून बरोबर गेले, असा प्रश्न ही लक्षणे वाचून पडतोच. क्षयाचे जंतू शरीरात वर्षानुवर्षे निपचित पडून राहू शकतात आणि अंगातली ताकद ओसरली की डोके वर काढतात, हे आता सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा थंडीवर सगळा दोष ढकलण्यापूर्वी ही बंगालची वर्षे आठवावीत.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी इंग्रजीतून भाषण केले. लोक विचारत असलेले सहा प्रश्न त्यांनी स्वतःच मांडले आणि एकेकाचे उत्तर दिले. अमेरिकेला कशाला जाता, येथे शिकायची सोय नाही काय, एकट्याच का जाता, जातीबाहेर टाकतील त्याचे काय, आणि काही संकट आले तर काय कराल? अठरा वर्षेही पूर्ण न झालेली मुलगी परक्या भाषेत इतक्या लोकांसमोर संकटाचा प्रश्न स्वतः उभा करते, याचे मला आजही नवल वाटते. त्या भाषणात त्यांनी एक वचन दिले. मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येऊन येथे राहीन. माझ्या गरजा वाढवणार नाही, पूर्वजांसारखी साधी राहीन, अशा आशयाचे ते वचन होते.

सभेला ते आवडले असणार. पण वाचकहो, हे वचन म्हटले तर धर्माचे होते आणि म्हटले तर जेवणाचे, कपड्यांचे, पांघरुणाचे होते. गरजा वाढवणार नाही, हे श्रीरामपुरात बोलणे सोपे. फिलाडेल्फियात गरज माणूस वाढवत नाही, हवा वाढवते.

७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोहोचल्या. उन्हाळा कार्पेंटरमावशींच्या घरी रोझेलला गेला. भोवती मायेची माणसे होती. तेथे आनंदीबाईंनी त्यांना आपल्याकडचे पदार्थ करून वाढले. ते महिने सुखाचे होते. पुढे शरद ऋतूत त्या फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात दाखल झाल्या. १८५० साली स्थापन झालेले हे कॉलेज केवळ स्त्रियांसाठी काढलेल्या जगातल्या अगदी पहिल्या वैद्यकीय कॉलेजांपैकी एक. त्याच्या मुख्याधिकारी रेचेल बॉडली या स्वतः रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या, आणि आनंदीबाईंबद्दल त्यांना खरा जिव्हाळा होता. अभ्यासक्रम तीन वर्षांचा. म्हणजे तीन हिवाळे.

फिलाडेल्फियाला जानेवारीत पारा गोठणबिंदूच्या आसपास घोटाळतो आणि रात्री त्याच्याही खाली उतरतो. आपल्या महाबळेश्वरच्या थंडीवरून त्याची कल्पना करू नका. त्यातून आनंदीबाईंना राहायला मिळालेल्या खोलीतली शेगडी जुन्या घडणीची. विस्तव पेटवला की खोलीभर धूर कोंडे, न पेटवावा तर हाडे गोठत. एक तर धूर सोसायचा, नाही तर थंडी! ज्या मुलीला मायदेशीच दम लागत होता, तिच्या वाट्याला हा पर्याय आला. ग्रामीण वाचकांना चुलीच्या धुराने छातीचे काय होते ते मी सांगायला नको. आपल्या घरोघरच्या आया-बहिणींनी तो धूर पिढ्यान्पिढ्या गिळला आहे.

कपड्यांचेही तसेच. नऊवारी लुगडे कासोटा घालून नेसले म्हणजे पोटऱ्या उघड्या राहतात. कोकणात ते ठीक, बर्फात नव्हे. आनंदीबाईंनी तोड काढली. त्या गुजराती पद्धतीने पातळ नेसू लागल्या, म्हणजे पाय घोट्यापर्यंत झाकले जात. आपल्याला ही किरकोळ गोष्ट वाटेल. परंतु त्या काळी नेसण्याची तऱ्हा बदलणे म्हणजे वचनाला तडा गेला की काय, अशी शंका घ्यायला जागा होती, आणि शंका घेणारे गोपाळराव हिंदुस्थानात बसले होते. त्यांची पत्रे कधी प्रेमाची, कधी अतिशय बोचरी असत. पाय गारठू नयेत म्हणून केलेल्या बदलाचा खुलासा बायकोने नवऱ्याला लिहायचा, ते पत्र आठवडेच्या आठवडे समुद्रावर राहायचे, आणि मग उत्तर यायचे. गोपाळराव नसते तर आनंदीबाई डॉक्टर झाल्याच नसत्या, हे मी मान्य करतो. पण त्यांनी बायकोच्या बुद्धीची जितकी चिंता वाहिली तितकी तिच्या देहाची वाहिली असे मला वाटत नाही. असो.

आता जेवण. शाकाहारामुळे त्या गेल्या, हे मत मला पटत नाही. कोट्यवधी माणसे शाकाहारावर धडधाकट जगली आहेत. पण आपला शाकाहार म्हणजे काय, ते जरा पाहा. भात किंवा भाकरी, त्याबरोबर वरण, उसळ, ताक, पालेभाजी, वर तुपाची धार. या सगळ्यांची मिळून एक थाळी होते, आणि ती रांधायला घरात कोणीतरी असते. ती थाळी काढून टाकली आणि मांसही घ्यायचे नाही, तर परक्या शहरात त्या काळी उरते काय? पाव, बटाटे, दूध, एखादे फळ. तूरडाळ आणि मूग आणायचे कोठून? शिवाय आपले अन्न शक्यतो आपणच शिजवायचे. दिवसभर व्याख्याने, शवविच्छेदन, रसायनशाळा, रुग्णालय. संध्याकाळी थकून खोलीवर यायचे आणि त्या धुरकट शेगडीशी झगडायचे. अशा वेळी माणूस काय करतो हे वसतिगृहात राहिलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. काहीतरी तोंडात टाकतो आणि पुस्तक उघडतो. माझ्या मते दोष असलाच तर तो अपुऱ्या जेवणाकडे जातो.

विद्यार्थिदशेत असतानाच त्यांना घटसर्प झाला. घटसर्पावरचे प्रतिविष पुढे १८९० नंतरच्या दशकात उपलब्ध झाले. त्याआधी तो आजार म्हणजे नशिबाचा खेळ. त्यातून त्या उठल्या आणि पुन्हा वर्गात जाऊन बसल्या. ताप, खोकला, थकवा यांनी मात्र पाठ सोडली नाही.

१० ऑक्टोबर १८८५ रोजी काढलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. कित्येक शाळांच्या भिंतींवर ते आता लागले आहे. तीन तरुणी आपापल्या देशाच्या पोशाखात बसल्या आहेत. आनंदीबाई साडीत, जपानच्या केई ओकामी किमोनोत, आणि दमास्कसच्या साबात इस्लामबूली आपल्या सीरियन वेशात. शिक्षकांनी वर्गात हे चित्र दाखवावे, पण तेवढ्यावर थांबू नये. तिसरा हिवाळा तोंडावर आला होता तेव्हाचे ते चित्र आहे. आनंदीबाईंच्या आयुष्याचे सोळा-सतरा महिने उरले होते. ओकामी १८८९ साली पदवी घेऊन जपानला परतल्या, त्यांनी वैद्यकी केली आणि १९४१ पर्यंत त्या जगल्या. म्हणजे त्या कॉलेजात आशियातून गेलेली प्रत्येक मुलगी आजारी पडली असे नाही.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या. गोपाळरावही तोवर अमेरिकेत येऊन पोहोचले होते. आनंदीबाईंच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंचे प्रसूतिशास्त्र. कोल्हापूर संस्थानने त्यांना आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर नेमण्याचे ठरवले. आता तरी विश्रांती घ्यावी की नाही? त्या लगेच बॉस्टनच्या स्त्रियांच्या रुग्णालयात प्रत्यक्ष अनुभव घ्यायला गेल्या, आणि तेथे प्रकृतीने पुरता हात टेकला. ऑक्टोबरमध्ये त्या परत निघाल्या, नोव्हेंबरमध्ये मुंबईला उतरल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. वयाची बावीस वर्षे पुरी व्हायला एक महिना राहिला होता.

आता त्या शेतकऱ्याचा प्रश्न. त्यांना कळले कसे नाही?

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखने २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये जाहीर केला. आनंदीबाई कॉलेजात गेल्या त्यानंतर दीड वर्षाने. शोध लागला म्हणजे तो लगेच वागणुकीत उतरतो असे मात्र नाही, आणि वैद्यकाच्या इतिहासात तर हे पदोपदी दिसते. क्षय हा मूळच्या नाजूक प्रकृतीचा, आनुवंशिक रोग आहे असे मानणारे डॉक्टर त्या काळी अमेरिकेत पुष्कळ होते. क्ष-किरण १८९५ चे. शस्त्रक्रियेत रबरी हातमोजे वापरण्याची सुरुवात बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात १८९० च्या सुमाराची. म्हणजे आनंदीबाई आणि त्यांच्या मैत्रिणी उघड्या हातांनी प्रेते चिरीत होत्या, खोकणाऱ्या रोग्यांच्या तोंडाशी वाकत होत्या, आणि कोणालाही त्यात वावगे वाटत नव्हते.

येथे जरा व्हिएन्नाची गोष्ट सांगतो, कारण वैद्यकीच्या विद्यार्थ्याची एक साधी सवय किती जिवांवर उठते हे तिच्याइतके दुसरीकडे दिसत नाही. व्हिएन्नाच्या सरकारी रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात सुईणी शिकत, दुसऱ्यात वैद्यकीचे विद्यार्थी. विद्यार्थ्यांच्या विभागात बाळंतिणी फार मरत. बायका पाया पडून दुसऱ्या विभागात जागा मागत. १८४७ साली कोलेच्का नावाच्या प्राध्यापकाच्या बोटाला शवविच्छेदनाच्या वेळी विद्यार्थ्याच्या हातातली सुरी लागली आणि ते गेले. मरताना त्यांची लक्षणे थेट बाळंतरोगासारखी होती. त्यांचे मित्र डॉ. सेमेलवाइस यांच्या डोक्यात प्रकाश पडला. विद्यार्थी प्रेतांच्या खोलीतून थेट बाळंतिणीकडे येतात, ते हातांवर मरण घेऊनच! त्यांनी मे महिन्यात क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये त्या विभागात शेकडा अठरा बाळंतिणी मेल्या होत्या. जूनमध्ये ते प्रमाण शेकडा दोनवर आले. इतके होऊनही मोठमोठ्या डॉक्टरांनी सेमेलवाइस यांना मानले नाही. आपले हात घाणेरडे आहेत हे कबूल करणे डॉक्टरांना फार जड गेले. तसेच आपले शरीर आजारी आहे हे कबूल करणेही जड जाते, असे माझे निरीक्षण आहे. दुसऱ्याची नाडी पाहणारा माणूस स्वतःला नकळत रोग्यांच्या जातीबाहेर काढतो. स्टेथॉस्कोपचा जनक लेनेक हा फ्रेंच डॉक्टर क्षयी छातीचे आवाज जगाला शिकवून गेला, आणि १८२६ साली स्वतः क्षयानेच मेला.

परंतु ज्याला थांबता येत होते तो काय करी, याचेही उदाहरण त्याच देशात, त्याच वर्षांत आहे. एडवर्ड ट्रुडो नावाचा न्यूयॉर्कचा तरुण. विद्यार्थी होण्यापूर्वी त्याने क्षयी भावाची शुश्रूषा बंद खोलीत केली होती, खिडक्या उघडायच्या नाहीत अशी तेव्हाच्या डॉक्टरांची सूचना होती. पुढे तो स्वतः डॉक्टर झाला आणि १८७३ साली त्यालाही क्षय असल्याचे निघाले. तो धंदा सोडून अॅडिराँडॅक डोंगरात जाऊन राहिला. मोकळी हवा, भरपूर खाणे, पडून राहणे. त्याला बरे वाटले. मग सॅरनॅक लेक या गावी त्याने रोग्यांसाठी आरोग्यधाम काढले. १८८५ साली तेथल्या पहिल्या लाकडी झोपडीत ज्या दोन रोगी राहायला आल्या, त्या कारखान्यात काम करणाऱ्या बहिणी होत्या. आनंदीबाई तेव्हा फिलाडेल्फियात दुसरा हिवाळा काढीत होत्या, काही शे मैलांवर. ट्रुडोच्या उपचाराने सगळे बरे होत असे मुळीच नाही. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली सापडेपर्यंत क्षयावर नेमके औषध नव्हतेच, आणि ट्रुडोही शेवटी त्याच रोगाने गेला. पण तो गेला १९१५ साली. त्याला बेचाळीस वर्षे मिळाली.

तेव्हा आनंदीबाईंनीही सहा महिने पडून राहायला काय हरकत होती, असे तुम्ही विचाराल. येथेच खरे दुखणे आहे. ट्रुडो थांबला तर ते त्याचे खाजगी काम होते. आनंदीबाई थांबल्या असत्या तर कलकत्त्यापासून पुण्यापर्यंत लोक म्हणाले असते, पाहा, आम्ही सांगत नव्हतो? बाईचा देह विद्येला सोसत नाही. अमेरिकेत त्यांना मदत करणारे म्हणाले असते, मांस खाल्ले असते तर ही वेळ आली नसती. पैसे मोजके, मुदत मोजकी, वचन दिलेले. दोन देशांचे डोळे लागलेल्या मुलीला आजारी पडण्याची मुभा नव्हती. त्यांना आपले दुखणे कळले नाही, असे मी आता म्हणणार नाही. तीन वर्षे वैद्यक शिकलेल्या बुद्धिमान बाईला ताप आणि खोकला यांची संगत लागली नसेल काय? पण कळून करायचे काय, याला तिच्याजवळ जागा नव्हती.

दुसरे एक आयुष्य याच्या शेजारी ठेवून पाहतो. रखमाबाई. जन्म १८६४, म्हणजे आनंदीबाईंहून काही महिन्यांनी मोठ्या. त्यांनाही अकराव्या वर्षी लग्नाच्या बेडीत अडकवले होते, पण त्या नवऱ्याकडे नांदायला गेल्या नाहीत आणि त्यावरून कोर्टात गाजलेला खटला झाला. १८८९ साली त्या लंडनला वैद्यक शिकायला गेल्या आणि १८९४ साली डॉक्टर झाल्या. लंडनचे धुके आणि कोळशाचा धूर त्या काळी जगप्रसिद्ध होता. तरीही रखमाबाई परत आल्या, सुरतेत आणि पुढे राजकोटला त्यांनी वर्षानुवर्षे बायकांची सेवा केली, आणि १९५५ साली नव्वदी ओलांडून गेल्या. त्यांच्या अंगात क्षय नव्हता, हा मोठा फरक झालाच. दुसरा फरक असा, की त्या पंचविशीच्या घरात, भरल्या अंगाने, स्वतःच्या मर्जीने गेल्या. काय नेसलीस, काय खाल्लेस, याचा हिशेब पत्रातून मागणारे कोणी नव्हते.

आपल्याकडे जुन्या आचार्यांनी याचा विचार केला होता काय? केला होता, पण एका बाजूने. चरकसंहितेच्या विमानस्थानात आठव्या अध्यायात शिष्याची दिनचर्या आहे. पहाटे किंवा त्याच्याही थोडे आधी उठावे, प्रातर्विधी आटोपावे, सपाट स्वच्छ जागी नीट बसून पाठ म्हणावेत, दुपारी आणि रात्रीही अभ्यास सोडू नये. मांस खाऊ नये, बुद्धीला हितकर असेल ते खावे, मत्सर करू नये, शस्त्र बाळगू नये. आणि स्वतःच्या जिवावर बेतले तरी रोग्याचे अहित करू नये. फार थोर उपदेश. मात्र शिष्य स्वतःच तापाने फणफणला तर त्याने पाठ कोठवर म्हणावा, हे त्या शिस्तीत ठळकपणे येत नाही. अष्टांगहृदयाचा दुसरा अध्याय सबंध दिनचर्येवर आहे, उठण्यापासून अभ्यंग-व्यायामापर्यंत सगळे त्यात आहे, पण ते वैद्याने लोकांना सांगायचे. वैद्याने स्वतः ते किती पाळले, हे कोणत्याच काळात कोणी विचारलेले दिसत नाही.

अलीकडे विचारू लागले आहेत. अमेरिकेत २००३ साली शिकाऊ डॉक्टरांच्या कामाला आठवड्याला ऐंशी तासांची मर्यादा घातली गेली. ऐंशी तास ही मर्यादा, हे ऐकून गिरणी कामगारसुद्धा चकित होईल! आपल्याकडे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नेमलेल्या गटाने २०२४ साली अहवाल दिला. पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे काम आठवड्याला चौऱ्याहत्तर तासांच्या वर जाऊ नये, आठवड्यातून एक दिवस सुटी मिळावी, रोज सात-आठ तास झोप व्हावी, असे त्यात सुचवले आहे. विद्यार्थ्याला झोप मिळावी हे अहवालात लिहावे लागते, यातच सगळे आले.

माझी एक पुतणी वैद्यकीय कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजचे नाव सांगत नाही, सगळीकडे तेच. गेल्या दिवाळीत चार दिवस घरी आली. आमच्या वहिनींनी मोठ्या हौसेने अनारसे, चकल्या केल्या होत्या. पोरीने एक चकली मोडून तशीच ठेवली. वसतिगृहातले जेवण आवडत नाही म्हणून रात्री चहा-बिस्किटांवर राहायची सवय लागली आहे. पहाटे दोनला झोपते, सहाला उठते. आणि खोकत होती. मी विचारले, "किती दिवस?" म्हणाली, "असेल महिना." मी म्हटले, "अगं, दोन आठवड्यांच्या वर खोकला असला तर थुंकी तपासावी, असं तुमच्याच दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलेलं असतं ना?" ती हसली. "काका, ते पेशंटला. मला कुठे वेळ आहे? आणि वॉर्डात सगळ्यांना सांगत बसू का, की मलाच खोकला आहे म्हणून?"

तिचे बोलणे ऐकून मला मागच्या रांगेतले ते गृहस्थ आठवले. घरात कोणाशी वाद न घालता दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला स्कूटरवर मागे बसवले आणि आमच्या गावच्या ग्रामीण रुग्णालयात घेऊन गेलो. खिडकीवर नाव लिहून दिले, केसपेपर घेतला. रांगेत आमचा नंबर सतरावा होता. ती वैतागून घड्याळ पाहत होती, आणि मी सोळावा कधी आत जातो याची वाट पाहत बाकावर बसून होतो.